माईक शेवटच्या रांगेपर्यंत जाऊ द्या

मराठी दैनिकांच्या सर्व संपादकांना,



आपल्यापैकी कुणाशीही माझी ओळख नाही. आपल्यातल्या एका दैनिकाला माझे वडील करमाळ्याहून २२ वर्षं बातम्या पाठवत आहेत, पण तीही ओळख म्हणता येणार नाही. त्या बातम्यांवर नाव येतं ते ‘वार्ताहर, करमाळा’ एवढंच.

मी सध्या डेन्मार्कमध्ये आरहूस विद्यापीठात पत्रकारिता शिकते. इटलीतल्या पेरुजा गावी दर एप्रिलमध्ये आंतरराष्ट्रीय पत्रकारिता महोत्सव भरतो. यंदा तिथे पाच दिवस स्वयंसेवक म्हणून होते. काम काय, तर सभागृहात माईक घेऊन फिरायचं. प्रश्नासाठी ज्याचा हात वर होईल त्याच्यापर्यंत पोचायचं, त्याचं बोलून झालं की माईक परत घ्यायचा. यातलं दुसरं काम पहिल्यापेक्षा अवघड असतं. त्या पाच दिवसांचं घरी फोनवर सांगून झालं, मैत्रिणींना सांगून झालं. आपल्याला सांगायचं राहिलं होतं, आणि आपल्याकडे तर माझं एक मागणंही आहे.

आधी गावाबद्दल थोडं. पेरुजा रोम आणि फ्लॉरेन्सच्या मधे, डोंगरावर वसलेलं आहे. खाली बसमधून उतरायचं आणि सरकत्या जिन्यांनी वर जायचं. हे जिने एका किल्ल्याच्या पोटातून जातात. सोळाव्या शतकात पोपने मिठावर जास्तीचा कर बसवला, गाव बिथरलं, पोपने ते जिंकून घेतलं आणि वर हा किल्ला बांधला. तेव्हापासून लोकांनी पावात मीठ घालणं सोडलं, असं तिथले लोक सांगतात. दंतकथा असेल, पण पाव आजही अळणीच आहे. दुसऱ्या दिवशी कंटाळून मी तव्यावर भाजलेली ‘तोर्ता अल तेस्तो’ मागवली. जाड भाकरीच ती, फक्त गव्हाची. आत भाजी घातलेली. बाजूला हिरवी मिरची असती तर मी महोत्सव सोडून तिथेच बसले असते.

आता महोत्सव. २००६ मध्ये आरियाना चिक्कोने आणि ख्रिस पॉटर या दोघांनी तो सुरू केला. जगभरातून शेकडो वक्ते येतात, एकाच वेळी गावातल्या पाच-सात सभागृहांत चर्चा चालू असतात. दारावर तिकीट नाही, पास नाही, नोंदणीची वही नाही. पत्रकार नसलेल्यानेही सरळ आत यायचं आणि जागा मिळेल तिथे बसायचं. पहिल्या दिवशी मी दाराशी उभ्या असलेल्या माणसाला विचारलं, ‘ओळखपत्र कुठे तपासायचं?’ त्याला माझा प्रश्नच समजला नाही. मी तो तीनदा विचारला.

माझं असं झालं, कारण पत्रकारांची परिषद म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे काही वेगळंच होतं. आमच्या तालुक्याच्या पत्रकार दिनाला मी लहानपणापासून जात आले आहे. दरवर्षी ६ जानेवारीला बाळशास्त्री जांभेकरांच्या तसबिरीला हार घातला जातो, समई पेटते आणि मग मान्यवरांची वाट पाहणं सुरू होतं. मान्यवर दीड-दोन तासांनी येतात. शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह. आमच्या घरी पत्र्याच्या ट्रंकेत अशा अकरा शाली आहेत. थंडीत आजी त्यातली एक पांघरते आणि उरलेल्या दहांना कुणाला हात लावू देत नाही. मग भाषणं. पत्रकार हा लोकशाहीचा चौथा स्तंभ आहे हे त्या एका दुपारी इतक्यांदा सांगितलं जातं की उरलेले तीन कोणते हे एका वर्षी माझ्या धाकट्या भावाने मोठ्याने विचारलं होतं. त्याला मागे ओढून गप्प बसवण्यात आलं. त्या कार्यक्रमात विचारला गेलेला, माझ्या आठवणीतला, तो एकमेव प्रश्न. ज्यांचा धंदाच प्रश्न विचारण्याचा आहे, त्यांच्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी प्रश्नांना सुट्टी असते. हे मला इतकी वर्षं खटकलं नव्हतं. पेरुजात माईक हातात आला तेव्हा खटकलं.

महोत्सवाचं एक मोठं सभागृह म्हणजे ‘साला देइ नोतारी’. तेराव्या शतकाच्या शेवटी बांधायला घेतलेल्या महालातलं दालन. वर कमानीच कमानी, त्यांच्यावर चित्रं. बाहेर पंख्यासारख्या पसरलेल्या पायऱ्या, समोर कारंजं. संध्याकाळी त्या पायऱ्यांवर नामांकित संपादक आणि कॉलेजची पोरं शेजारी शेजारी आइस्क्रीम खात बसलेली असतात, आणि कोण कोण आहे हे ओळखू येत नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिथे एक चर्चा होती. परदेशी बातमीदार युद्धाच्या मुलखात जातात, तेव्हा त्यांना रस्ता दाखवणारा, दुभाष्याचं काम करणारा, ओळखी काढून देणारा एक स्थानिक पत्रकार बरोबर असतो. या धंद्यात त्याला ‘फिक्सर’ म्हणतात. चर्चा त्याच्याविषयी होती. मंचावर असा एक स्थानिक पत्रकार आणि त्याच्याबरोबर काम केलेली एका मोठ्या दैनिकाची बातमीदार, दोघं बसले होते. पडद्यावर त्यांच्या वृत्तांताचं पहिलं पान दाखवलं. पडलेल्या घरापुढे उभी असलेली एक बाई. फोटो बघवत नव्हता आणि नजर हटतही नव्हती. बातमीवर ठळक नाव त्या बातमीदाराचं. आमच्या वक्त्याचं नाव अगदी शेवटी, तिरप्या बारीक टायपात. मला ‘वार्ताहर, करमाळा’ आठवलं. त्याचं निदान नाव तरी होतं.

प्रश्नोत्तरं सुरू झाली. मागून तिसऱ्या रांगेत एका आजींचा हात वर होता. सत्तरी ओलांडलेली असावी. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीतून कांद्याच्या पातीसारख्या कसल्यातरी भाजीचे शेंडे बाहेर आलेले. बाजार करून घरी जाता जाता आत शिरलेली बाई. कानाला भाषांतराचा हेडफोन. मी माईक दिला. तिने तो दोन्ही हातांनी धरला आणि इटालियनमध्ये एवढंच विचारलं:

‘त्या बाईला तुम्ही हा अंक दाखवलात का? ती काय म्हणाली?’

भाषांतर कानात पोचेपर्यंत दोन-तीन सेकंद जातात. ते गेले. मग बातमीदार म्हणाली, ‘नाही. मी तोवर परत आले होते.’ आणि तिने शेजारी पाहिलं. तो स्थानिक पत्रकार थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, ‘मी दाखवला. तिला राग आला. ती उघड्या डोक्याने घराबाहेर पडत नसे. त्या दिवशी घर पडलं म्हणून तशीच बाहेर आली होती. जगाने तिला तशी पाहिली. त्यानंतर त्या गल्लीत मला कुणी दारात उभं केलं नाही.’

बातमीदाराला हे ठाऊक नव्हतं. ते तिला तिथेच, भरल्या सभागृहासमोर कळत होतं, आणि ते तिच्या तोंडावर दिसत होतं. तिने सारवासारव केली नाही. ‘हे मी विचारायला हवं होतं,’ एवढं म्हणाली. आजींनी मान हलवली, माईक माझ्या हातात दिला आणि पिशवी सावरून बसल्या. चर्चेतल्या इतर कुणाचं काय बोलणं झालं ते मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी घरी फोन लावला. तिकडे साडेदहा वाजले होते. वडिलांना आम्ही आप्पा म्हणतो. आप्पांना मी हे सगळं सांगितलं आणि त्यांनी मला फळ्याची आठवण करून दिली.

मी चौथीत असताना आप्पांनी एका गृहस्थांच्या निधनाची बातमी पाठवली होती. नाव बरोबर, आडनाव बरोबर, पण बापाचं नाव चुकलं. एकाच वाडीत त्या नावाचे दोघे होते. बातमी छापून आली त्या सकाळी जे जिवंत होते ते अंक हातात घेऊन आमच्या ओट्यावर येऊन बसले. भांडले नाहीत. ‘आता दहाव्याला जेवायला या,’ म्हणाले. आईने चहा केला. आप्पांनी जिल्हा कार्यालयात फोन करून खुलासा छापायची विनंती केली. जागा नाही, असं उत्तर आलं. चार दिवस विनंती केली. पाचव्या दिवशी आप्पांनी खडू घेतला आणि एसटी स्टँडसमोरच्या वार्ताफलकावर स्वतःच्या हाताने लिहिलं: अमुक अमुक यांच्या निधनाची बातमी चुकीची होती, ते खुशाल आहेत, चूक माझी आहे. खाली स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं. २२ वर्षांत बातमीखाली त्यांचं नाव आलं ते तेवढंच, आणि तेही खडूने. लोक आठवडाभर हसत होते. पण त्यानंतर गावात कुणाला काही सांगायचं असलं की तो आधी आमच्या ओट्यावर यायला लागला.

आप्पांना पगार नाही, हे आपल्याला ठाऊकच आहे. जाहिरातीवर कमिशन मिळतं. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, दिवाळी आणि पुढाऱ्यांचे वाढदिवस हे त्यांचे हंगाम. पुरवणी भरली नाही तर ओळखपत्राचं नूतनीकरण रखडतं. ज्याची अर्ध्या पानाची जाहिरात घ्यायची त्याच्याविरुद्ध बातमी कशी लिहायची, हा पेच ते कसा सोडवतात हे मी कधी विचारलं नाही. खरं तर विचारायची हिंमत झाली नाही. पण हे पत्र त्यासाठी नाही. पगाराचं भांडण वेगळं आहे आणि ते आप्पांच्या वयाच्या लोकांनी लढायचं आहे.

त्या फोनवर पुढे जे झालं ते सांगायचं आहे. आप्पा म्हणाले, ‘त्या म्हातारीने विचारलं तसं मला कुणी विचारलं असतं तर एक बातमी आधी झाली असती.’

करमाळ्याच्या आसपास साखर कारखाने आहेत. दिवाळीच्या आगेमागे बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, शिवारात कोप्या पडतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली, त्यामुळे एक दिवस खाडा झाला तरी पैसे कापले जातात. त्यातल्या काही बाया पाणी भरायला आमच्या आडावर यायच्या आणि आजीशी बोलायच्या. ‘पिशवी काढलीय’ हे शब्द मी लहानपणी त्यांच्या तोंडून ऐकले आहेत. तिशीच्या आतल्या बाया होत्या त्या. आप्पांनीही ऐकले होते. २०१९ मध्ये हा विषय बातम्यांत आला आणि देशभर गाजला. विधान परिषदेत चर्चा झाली, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांत १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. दर सहा जणींमागे एक.

‘मला माहीत होतं,’ आप्पा म्हणाले. ‘पण ही बातमी आहे असं वाटलंच नाही गं. बायकांचं दुखणं म्हणून सोडून दिलं. मीही आणि मला बातम्या विचारणाऱ्यांनीही.’

हे ऐकून मी पायऱ्यांवर बराच वेळ बसून राहिले. आडावर येणाऱ्या त्या बायांपैकी एकीच्या हातात कधी माईक गेला असता तर? पत्रकार दिनाच्या मंडपात ती आली असती का, आली असती तर तिला आत घेतलं असतं का, हे प्रश्न त्याआधीचे. पण आमच्या मंडपात माईक मंचावरच्या खांबाला वायरने बांधलेला असतो, तिथवर ती पोचलीच नसती.

पेरुजात सगळं सोन्याचं आहे असं मी म्हणत नाही. बहुतेक वक्ते युरोप-अमेरिकेतले असतात, इंग्रजी येत नसेल तर पायऱ्यांवरच्या गप्पांत तुम्ही परके असता, आणि ज्या तंत्रज्ञान कंपन्यांना तिथे शिव्या बसतात त्यांच्याकडून पूर्वी प्रायोजकत्वही घेतलं गेलं आहे. प्रश्नाच्या नावाखाली भाषण ठोकणारे तिथेही आहेत. एका काकांकडून माईक सोडवून घेताना मला आमच्या पंचायत समितीचे माजी सभापती आठवले. जगभर हे लोक कसे सारखेच असतात कुणास ठाऊक.

एक चर्चा मात्र अशी होती की तिच्यानंतर प्रश्नासाठी हात वर व्हायला वेळ लागला. मारल्या गेलेल्या पत्रकारांचं अर्धवट काम पुढे नेण्याविषयीची. माल्टाच्या दाफ्ने कारुआना गालित्सिया यांची गाडी १६ ऑक्टोबर २०१७ ला बॉम्बने उडवली. त्यानंतर ‘फॉरबिडन स्टोरीज’ या संस्थेच्या पुढाकाराने १८ वृत्तसंस्थांचे ४५ पत्रकार एकत्र आले आणि दाफ्नेंच्या बातम्या जिथे तुटल्या होत्या तिथून पुढे त्यांनी शोधल्या. एरवी हे सगळे एकमेकांचे स्पर्धक. मला राजापूरचे शशिकांत वारिशे आठवले. फेब्रुवारी २०२३ मध्ये, रिफायनरीच्या वादातली त्यांची बातमी छापून आली त्याच दिवशी, त्यांना गाडीखाली चिरडण्यात आलं. आपण मोर्चे काढले, निवेदनं दिली, विशेष तपास पथक नेमलं गेलं. पत्रकारांवर हल्ला करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा देणारा कायदाही आपल्या राज्याने २०१७ मध्ये केला होता. वारिशेंची शेवटची बातमी सगळ्या मराठी दैनिकांनी मिळून, एकाच दिवशी, पहिल्या पानावर पुढे नेली असती तर कसं दिसलं असतं ते पान, हे मी त्या सभागृहात बसून मनात जुळवत होते.

आता मागणं. येत्या ६ जानेवारीला प्रत्येक दैनिकाने एका तालुक्याच्या गावी, एक दिवस, दार उघडं ठेवून बसावं. सत्कार नको, मान्यवर नकोत. मंत्री आले तर स्वागत आहे, पण त्यांनी रांगेत बसावं. संपादकांनी त्या वर्षात आपली एक चुकलेली बातमी सांगावी आणि ती कशी चुकली ते सांगावं. दाबलेली एखादी बातमी सांगायची तयारी असेल तर फारच छान, पण त्याचा आग्रह पहिल्याच वर्षी धरत नाही. शेजारी त्या तालुक्याचा वार्ताहर बसवावा, त्याच्या नावाची पाटी पुढे ठेवून. आणि मग माईक खाली द्यावा.

श्रोते येतील का, असं आपण विचाराल. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला पुण्यात आजही भरते. आपल्या माणसाला ऐकायला येण्याची सवय दीडशे वर्षांची आहे. बोलण्याची सवय तर त्याहून जुनी. जांभेकरांचा ‘दर्पण’ १८३२ मध्ये निघाला. १८४८ पासून भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ने लोकहितवादींची पत्रं, म्हणजेच ‘शतपत्रं’, छापायला घेतली, तेव्हा लिहिणारा पंचविशीचा सरकारी नोकर होता. आपल्याच समाजाला तो आठवड्यामागून आठवडा खडे बोल सुनावत होता आणि संपादक त्याला जागा देत होते. खुलाशालाही जागा नसते असं भाऊ महाजनांनी सांगितलं असतं तर आपल्याकडे शतपत्रं नसती.

पैसा कुठून आणायचा, असंही विचाराल. २०१३ मध्ये पेरुजाच्या महोत्सवाचे पैसे संपले होते. पुढच्या वर्षीचा महोत्सव रद्द, असं जाहीरही झालं. मग लोकांकडून वर्गणी गोळा झाली, एक लाखाहून जास्त युरो, आणि २०१४ चा महोत्सव झाला. आपल्याला युरो लागणार नाहीत. तालुक्यात पंचायत समितीचं सभागृह असतं, चहा असतो. शाली आणि सन्मानचिन्हांवर जाणारे पैसे वाचतील ते वेगळेच.

‘दर्पण’ला २०३२ मध्ये दोनशे वर्षं होतील. तेव्हा मोठा सोहळा होणारच, तो कुणालाच टळणार नाही. त्याआधी काही वर्षं हा सराव झालेला असावा, म्हणून आत्ताच लिहिते आहे.

हे पत्र पाठवण्याआधी मी आप्पांना वाचून दाखवलं. फळ्याची गोष्ट काढून टाक म्हणाले, मी काढली नाही. पगाराचं वाक्य मऊ कर म्हणाले, ते थोडं केलं. मग विचारलं, ‘आप्पा, खरंच असं काही झालं आणि माईक तुमच्यापर्यंत आला, तर तुम्ही काय विचाराल?’ बराच वेळ काही बोलले नाहीत. मागे एसटीचा हॉर्न ऐकू आला. मग म्हणाले, ‘विचारीन काहीतरी. पण ते श्रीफळ बंद करू नका म्हणावं. तुझी आजी चटणी करते त्याची.’

सुट्टीत मी ६ जानेवारीच्या सुमाराला करमाळ्यात असेन. माईक घेऊन फिरायला माणूस लागला तर कळवावं. वायर लांब हवी, एवढंच.

आपली,
‘वार्ताहर, करमाळा’ यांची मुलगी